वायफायला मी लावलेली पाटी

सुनेच्या मुलाखतीच्या दिवशी, मुलाखतीला जेमतेम तासभर उरलेला असताना, घरातलं चांगलं चालू असलेलं वायफाय मी माझ्या हातांनी बंद पाडलं. बंद पाडलं म्हणजे वायर उपटली, पाणी सांडलं असं काही नाही. ती अडाण्यांची कामं. मी रीतसर शिकून बंद पाडलं.

तेव्हाची मी आता आठवली की तिचा गालगुच्चा घ्यावासा वाटतो, जरा जोरात. साठी नुकतीच उलटलेली, म्हणजे तशी तरुणच. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेला, त्यामुळे जगातलं सगळं आपल्याला माहीत आहे आणि जे माहीत नाही ते अभ्यासक्रमात नाही, अशी खात्री. निवृत्त झाल्यावर या बाईच्या हाताला काही काम उरलं नाही आणि तिथून खरा धोका सुरू झाला. घरात इंटरनेटची पेटी आली तेव्हा तिने पहिलं काय केलं असेल, तर त्या पेटीला क्रोशाची टोपी विणली. दोन्ही शिंगांना वेगळ्या, लाल गोंडे लावून. पेटी तापून वारंवार बंद पडायला लागली तेव्हा मुलाने टोपी काढली, तर ही म्हणते, "थंडीत तरी राहू दे."

पुढे आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात संगणकाचा वर्ग सुरू झाला. कर्वेनगरात अशा वर्गांना गर्दी होते, कारण घरी नातवंडं शिकवताना फार ओरडतात. मी पहिल्या बाकावर. शेजारचे आजोबा माउस उचलून पडद्याला लावून बघत होते, तेव्हा मी मुलाने दिलेल्या टॅबवर अख्खा तास चित्रित करून घेत असे. रोजचा, पहिल्यापासून शेवटपर्यंत. एके दिवशी वर्ग घेणाऱ्या बाईंनी राउटरचं पान कसं उघडायचं ते दाखवलं. तिथे आपल्या वायफायचं नाव बदलता येतं, पासवर्ड बदलता येतो. "पण हे गरज असेल तरच करा," असं त्या म्हणाल्या. त्यातलं 'करा' तेवढं मी ऐकलं.

गरज निर्माण व्हायला वेळ लागला नाही. आमची सून अमरावतीकडची. लग्नानंतर पुण्यात चांगली नोकरी करत होती, नातू झाला आणि सोडली. आता नातू बालवाडीत जायला लागला आणि तिने पुन्हा अर्ज करायला सुरुवात केली. अर्जामागून अर्ज. बहुतेक ठिकाणी, मधली वर्षं काय केलंत, एवढं विचारून गप्प बसत. तिचं हसणं कमी झालं होतं. स्वयंपाकघरात ती माझ्याशी वाद घालेनाशी झाली, तेव्हा मला काळजी वाटायला लागली. शेवटी एका कंपनीने लॅपटॉपवर मुलाखत ठेवली. सकाळी साडेअकरा. त्या आठवड्यात ती भाजी चिरतानाही स्वतःशी इंग्रजीत उत्तरं देत होती.

आणि नेमकं त्याच आठवड्यात नेट रडायला लागलं. बोलणाऱ्याचं तोंड उघडं राहायचं, आवाज मागून यायचा, मध्येच ते चाक फिरत बसायचं. माझ्या मनाने लगेच आरोपी पकडला. समोरच्या वहिनी. गेल्या दिवाळीत त्यांची लेक परदेशातून आली होती, त्यांच्याकडे तेव्हा नेट नव्हतं, तर माझ्या मुलाने आमचा पासवर्ड देऊन टाकला. मुलगा उदार आहे. हा गुण त्याच्या वडिलांकडचा. लेक परत गेली, पासवर्ड काही परत आला नाही. त्यात एका संध्याकाळी मी त्यांच्या दाराशी उभी राहून ऐकलं. मुद्दाम नाही, पिशवी जड होती. वहिनींच्या घरात मालिका चालू होती आणि एकदाही अडकत नव्हती. म्हणजे आमच्या घरात चाक फिरतंय आणि त्यांच्या घरात नायिका सलग रडतेय. आणखी काय पुरावा पाहिजे?

आता सरळ दार वाजवून विचारता आलं असतं. पण पुण्यात कोणी असं तोंडाने भांडत नाही, पाटी लावतात. आमच्या सोसायटीच्या फाटकावर 'येथे गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल, भरून देण्यात येणार नाही' अशी पाटी आहे. खुद्द वहिनींच्या दारावर आहे, 'बेल एकदाच वाजवावी. आम्ही बहिरे नाही.' अशा बाईला उत्तर द्यायचं तर पाटीनेच द्यायला हवं. आणि माझ्या लक्षात आलं की वायफायचं नाव ही एक पाटीच आहे. शेजारीपाजारी जो कोणी लॅपटॉप उघडेल त्याला यादीत ती वाचावीच लागते. खिळा ठोकायला नको, रंग नको, सोसायटीची परवानगी नको.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी मुलगा कामावर गेला, नातू शाळेत गेला, सून आतल्या खोलीत तयारीला बसली. मी टॅबवर ते पान उघडलं. आधीचं नाव पुसलं आणि इंग्रजी अक्षरांत, पण शुद्ध मराठीत, नवीन नाव घातलं: 'स्वतःचे घ्या, परवडते'. वाचून इतकी खूश झाले की पुन्हा वाचलं. मग मोठ्याने वाचलं. या आनंदात खाली नवा पासवर्डही घालून टाकला. पासवर्ड कुठेही लिहून ठेवायचा नाही, असं वर्गात सांगितलेलं. मी आज्ञाधारक. सेव्ह दाबलं. पेटीने दिवे मिचकावले, मला वाटलं हसली. चोर बाहेर, सुनेचं नेट मोकळं. मी गवार निवडायला घेतली.

थोड्या वेळाने सून बाहेर आली. वर इस्त्रीचा कुर्ता, खाली घरातला पायजमा, हातात उघडा लॅपटॉप.

"आई, नेट गेलं का हो?"

"दिवे तर चालू दिसतायत," मी म्हणाले. खोटं नव्हतं.

तिने लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला. "आपलं नावच नाही दिसत यादीत." लॅपटॉपचं वायफाय बंद करून चालू केलं. विमानाचं चित्र असलेलं बटण चुकून दाबलं गेलंय का ते पाहिलं. नव्हतं. लॅपटॉप बंद करून परत सुरू केला, तो सुरू होईपर्यंत नखं खाल्ली. पुन्हा यादी उघडली आणि एकदम तिचा आवाज चढला. चिडली की ती पुण्यातून थेट अमरावतीला पोचते.

"हे पाहा, काय लिहून ठेवून राहिले लोक!"

मी चष्मा लावून पाहिलं. यादीत सगळ्यात वर, सगळे पट्टे भरलेलं, माझं साहित्य.

"समोरच्या काकूंनीच ठेवलं असेल," सून म्हणाली. "आपलं नेट गेलं आणि आपण त्यांचं वापरू म्हणून! कशी माणसं आहेत हो ही? आमच्याकडे भांडलेला माणूस दारात आला तरी पाणी विचारतात. आणि इथे पाटी!"

मी गवारीच्या एकाच शेंगेची शीर बराच वेळ काढत राहिले. मनात एक क्षण आलं, खोटं कशाला सांगा, गप्प राहिलं म्हणजे झालं. लेखिकेचं नाव गुप्त राहू शकतं. पण तिने पदराने, म्हणजे ओढणीने, कपाळ पुसलं आणि घड्याळाकडे पाहिलं, आणि मला ते बघवेना.

"अगं, ती पाटी आपलीच आहे."

"आपली?"

"मी लावली. आज सकाळी. वर्गात शिकवलंय."

सासूवर ओरडायचं नाही असे तिच्यावर संस्कार आहेत, आणि त्या क्षणी ते संस्कार तिला किती जड जात होते ते मला स्पष्ट दिसलं. शेवटी तिने फक्त हात पुढे केला. "पासवर्ड?"

मी डोळे मिटून आठवायला लागले.

"नदी होती," मी म्हणाले. "नदी होती एवढं नक्की. घरच्यांची नावं ठेवू नका असं सांगितलेलं, म्हणून मी नदी घेतली."

"कोणती नदी?"

"महाराष्ट्रातली."

"आई, महाराष्ट्रात किती नद्या आहेत?"

हा प्रश्न तिने विचारायला नको होता. मी उपनद्यांसकट सुरू झाले. तिने गोदावरी घातली, नाही. इंद्रायणी, नाही. पंचगंगा, नाही. स्वतःच्या माहेरची म्हणून वर्धा घालून पाहिली, तर अक्षरं कमी पडली. माझा टॅबही आता बाहेर उभा राहून पासवर्ड मागत होता, त्यामुळे ते राउटरचं पान उघडून बघायची वाटही बंद. मी केसातला आकडा काढून पेटीच्या मागच्या बारीक भोकाकडे निघाले, कारण रिसेट म्हणजे काय तेही शिकले होते. सुनेने माझा हात धरला.

"नका! त्याने सगळंच पुसलं जाईल. मग नेटच्या कंपनीने दिलेलं युजरनेम परत घालावं लागेल, ते तुमच्या चिरंजीवांकडे आहे, आणि चिरंजीव फोन उचलत नाहीयेत."

फोनवरचं नेट लॅपटॉपला जोडून पाहिलं. आमचं घर तळमजल्यावर, मागच्या बाजूला. तिथे फोन नीट लागतो तो फक्त गॅलरीच्या कठड्याला टेकून. ती कठड्यापाशी लॅपटॉप हातावर घेऊन उभी राहिली. एक पट्टा यायचा, जायचा. वाळत घातलेल्या टॉवेलांच्या मधून तिचा चेहरा दिसत होता. रडू आवरत होती ती. इतक्या अर्जांनंतर आलेली एक मुलाखत, आणि ती मी एका विनोदावर घालवली होती.

मी टॅबवर पुन्हा ती यादी पाहिली. माझ्या पाटीच्या खालीच, तेवढ्याच भरलेल्या पट्ट्यांचं दुसरं नाव होतं. वहिनींचं आडनाव. साधं, सरळ, कोणाला काही न शिकवणारं. म्हणजे वहिनींनी स्वतःचं घेतलेलंच होतं. परवडत होतं.

मी तशीच उठले. हाताला गवारीचा वास, केस एका बाजूने सुटलेले. समोरच्या दाराची बेल एकदाच वाजवायची असते, ती मी तीनदा वाजवली.

वहिनींनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पाटीकडे पाहिलं.

"वहिनी, सुनेची मुलाखत आहे, पंधरा-वीस मिनिटांत. आमचं नेट..." मी सुटलेले केस मागे सारले. "आमचं नेट रुसलंय."

त्यांनी कपाळाला आठीसुद्धा पाडली नाही. "मग उभ्या काय राहिलात? बोलवा तिला. आतल्या खोलीत बसू दे, पेटी तिथेच आहे. पासवर्ड सांगत बसत नाही, मीच घालून देते."

सून लॅपटॉप घेऊन धावत आली. वहिनींनी पासवर्ड घातला, पहिल्या फटक्यात लागलं. मग त्या घराच्या कामाला लागल्या. पंखा कमी केला, कुरकुरतो म्हणून. कुकरखालचा गॅस बंद केला, शिट्टी नको म्हणून. कामवाल्या बाईंना सांगितलं, भांडी नंतर घासा. खोलीचं दार लोटून घेतलं आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या राहिलो. बोलायची सोय नव्हती. इतक्या वर्षांच्या शेजारात आम्ही एवढा वेळ एकमेकींना टोमणा न मारता पहिल्यांदाच घालवला.

आतून सुनेचा आवाज येत होता. आधी बारीक, मग सरळ. मधली वर्षं काय केलंत, हा प्रश्न आला असावा, कारण ती जरा थांबली, आणि मग तिने जे काही सांगितलं त्यावर समोरचा माणूस हसल्याचं ऐकू आलं. वाईट हसणं नव्हतं. वहिनींनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मी न राहवून कुजबुजले, "तुम्ही नेट कधी घेतलंत हो?"

"दिवाळी झाल्या झाल्या. लोकांचं किती दिवस वापरायचं?" त्या तितक्याच हळू म्हणाल्या, आणि पुढे काही नाही. मला हायसं वाटलं. म्हणजे यांनी यादी पाहिलेली नाही. या कुठे रोज लॅपटॉप उघडून बसत असतील.

संध्याकाळी पोळ्या लाटताना मला ती नदी आठवली. मिसिसिपी. महाराष्ट्रातली नव्हती. मुलाने कामावरून येऊन सगळं ऐकलं, बराच वेळ जमिनीकडे बघत बसला, खांदे हलत होते. मग त्याने मिसिसिपीतून आत शिरून वायफायचं नाव बदललं, आणि आत गेल्यावर नेटला काय काय जोडलेलं आहे त्याची यादीही काढली. नेट खाणारा चोर घरातच निघाला. माझा टॅब. मी चित्रित केलेले वर्गाचे सगळे तास तो उशीखाली पडल्या पडल्या रात्रंदिवस कुठल्याशा ढगात चढवत होता. वर्गातच एक बटण चालू करायला सांगितलेलं. मी आज्ञाधारक, हे आधी सांगितलंच आहे.

त्या दिवसानंतर मी सुधारले असं घरचे म्हणत नाहीत, पण सोसायटीत माझा सल्ला घेतात. कोणाचाही लॅपटॉप नेटला लागेना झाला की मला फोन येतो. मी सांगते, आधी तुमच्या फोनला नेट आहे का बघा. फोनला आहे आणि लॅपटॉपला नाही, तर दोष लॅपटॉपचा; दोघांनाही नाही, तर पेटीचा. लॅपटॉपचा असेल तर ते विमान बघा, मग त्याला ते नेट विसरायला लावा आणि पासवर्ड नव्याने घाला, एकेक अक्षर बघून. पेटीचा असेल तर तिचं बटण बंद करा, अर्धा कप चहा प्या आणि मग चालू करा. लगेच चालू करू नका, तिलाही श्वास घेऊ द्या. पेटी कपाटात कोंडू नका, भिंतीआड ठेवू नका, टोपी घालू नका. एवढ्यानेही झालं नाही तर घरात गेल्या चोवीस तासांत कोणी काही शिकून आलंय का, ते विचारा.

मुलाखतीचं उत्तर यायला बरेच दिवस लागले. मध्ये आणखी एक फेरी झाली, ती आमच्याच नेटवर, आणि मी त्या वेळात टॅब बंद करून शेजारच्या बागेत जाऊन बसले होते, स्वतःच्या इच्छेने. मग एका दुपारी सून फोन कानाला धरून स्वयंपाकघरात आली, मान हलवत, डोळे भरलेले. नोकरी मिळाली. मिठी मारायची आमच्या घरात पद्धत नाही, पण ती मारली गेली, माझ्या हाताला कणीक असताना. त्याच संध्याकाळी ती मला म्हणाली, "आई, ही पोळी वातड झाली." वाद परत सुरू झाले होते. मला फार बरं वाटलं.

पेढे फोन आला तेव्हाच आणायचे होते, पण दुकान दुपारी बंद. चार वाजले तसे आणले, एक पुडा वेगळा काढला आणि समोरच्या दारात गेले. बेल एकदाच वाजवली. वहिनींनी दार उघडलं. सुनेला नोकरी लागल्याचं ऐकून त्यांचा चेहरा खरोखर उजळला, मला आत बोलावलं, देवापुढे पुडा ठेवला, एक पेढा काढून तोंडात घातला, निवांत खाल्ला. मग तोंड पुसून, अगदी गोड आवाजात म्हणाल्या,

"अहो वहिनी, तुम्ही कशाला आणलेत? आम्ही स्वतःचे घेतले असते. परवडतात."